साडेदहा फुटांची कमान

भिंतीपाशी गेलं की सर आधी तिला थाप मारायचे. बाजारात म्हैस बघायला आलेला माणूस तिच्या पाठीवर मारतो तशी, सपाट हातानं, दोनदा. मग आमच्याकडं वळून विचारायचे, "अंदाज घरी ठेवून आलात ना?" आम्ही पाच-सहा जण मान हलवायचो. "नुसती मान हलवली म्हणजे सोबतच आणलाय," असं म्हणत ते पिशवीतून टेप काढायचे.

लातूरच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला इमारतींचा इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, नातवंडं खेळवतात. यांनी जुन्या नांदेडात दोन खोल्या घेतल्या आणि आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना दर रविवारी तिथं बोलवायला सुरुवात केली. बोलवायचे कसले, फर्मान सोडायचे. मी तेव्हा लातुरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायचे. आठवडाभर लोकांच्या घरात संडास कोणत्या कोपऱ्यात बसतो हे बघून डोकं उठलेलं असायचं, आणि रविवारी पहाटेची एसटी धरून पुन्हा परक्याच्या भिंती मोजायला निघायचं. चाकूर येईपर्यंत मी स्वतःला शिव्या द्यायचे, अहमदपूर येईपर्यंत सरांना. पण कधी चुकवलं नाही, हेही कबूल करते.

त्यांचा टेप म्हणजे एक वेगळंच प्रकरण. कापडी, पिवळा पडलेला, आणि सुरुवातीचा एक फूट गायब. उदगीरचा किल्ला मोजताना तो शेळीनं खाल्ला, असं ते छातीठोकपणे सांगायचे. शेळीनं नेमका एकच फूट कसा खाल्ला, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. तर हा टेप थेट एकच्या आकड्यापासून सुरू व्हायचा. म्हणून जे माप येईल त्यातून एक फूट कमी करायचा, आणि तो मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. "सात फूट चार, एक वजा, सहा फूट चार," असा आरडाओरडा आमचा गल्लीगल्लीत चालायचा. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून नवा स्टीलचा टेप आणून दिला. त्यांनी तो आनंदानं घेतला आणि शेजारणीच्या पोराला खेळायला दिला. म्हणाले, "नवा टेप हातात आला की माणूस डोकं वापरायचं सोडतो. याच्यासोबत जागं राहावं लागतं."

आम्हाला बघून गल्लीतली दारं फटाफट लागायची. टेप, वही आणि टोपी घातलेला म्हातारा म्हटल्यावर दुसरं काय, रस्ता रुंदीवाले आले असंच लोकांना वाटायचं. एखादी धीट बाई बाहेर येऊन नाल्याची तक्रार सांगायची. सर ती शांतपणे वहीत उतरवून घ्यायचे आणि मग तिला तिच्याच घराच्या भिंतीतला चुना समजावून सांगायचे. बेलफळाचं पाणी, गूळ, चुना मळायची घाणी. बाई बिचारी अर्धा तास ऐकायची आणि शेवटी विचारायची, "ते सगळं खरं हाय हो, पर नाला कवा काढणार?"

पुण्याहून कधीमधी हौशी मंडळी यायची. गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या, एका तासात अख्खं शहर बघून मोकळी. सर त्यांच्यापुढं जाऊन मुद्दाम भिंतीला थाप मारायचे. त्यांच्यातला कुणी "साधारण चारशे वर्षं जुनी असेल ना?" म्हणाला की यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. "साधारण म्हंजे? तुमचं वय विचारलं तर साधारण सांगता का?" स्वतःचं पुस्तक मात्र या गृहस्थांनी कधी पुरं केलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "लिहून राहिलो ना." कागद सगळे खताच्या रिकाम्या पोत्यांत भरलेले. पोत्यावर युरिया लिहिलेलं असलं की आत विहिरी, डीएपी असलं की दरवाजे आणि कमानी. दुसऱ्याचा एक इंच चुकला तर फाडून खाणारा माणूस, आणि घरात संशोधन असं रचलेलं.

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. किल्लारी म्हणत. आमचं गाव किल्लारीच्या अंगालाच आहे. भूकंपात जुनं गाव गेलं, मी त्यानंतर नव्या गावात जन्मले. सरळ रांगेतली घरं, प्रत्येकाला नंबर. पण दगडाच्या भिंतीशेजारी बसायचं नाही, हे मला चालायला येण्याआधी शिकवलं गेलं. आई अजूनही लग्नाला गेली की मांडवात बसते, दगडी घरात जात नाही. तेव्हा मी आर्किटेक्चरचं शिकले हे जरा अतीच झालं, मला कबूल आहे. कमानीखाली उभं राहायची वेळ आली की माझे तळपाय गार पडायचे. सरांना ते कळायचं, आणि कळल्यावर गप्प बसतील तर ते सर कसले. "काय किल्लारी, भिंत खाती का तुला?" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे, थांब म्हाताऱ्या, एकदा गावाकडं नेते तुला.

नेलंही. त्यांना नव्या गावाची मांडणी बघायचीच होती. जीपमधून उतरले, आमच्या घरापाशी आले आणि सवयीनं सिमेंटच्या भिंतीला दोनदा थाप मारली. बाबा दारातच उभे होते. बाबा शेतकरी माणूस, चार शब्दांत काम भागत असेल तर पाचवा वापरत नाहीत.

"सर, तुमी भिंतीला थापा मारता," बाबा म्हणाले. "आमी भिंती उचलल्यात. खाली माणसं होती."

सर टोपी काढून खाटेवर बसले. मला वाटलं, चला, एकदाचं कुणीतरी यांचं तोंड बंद केलं. चहा आला. दोन घोट झाले असतील नसतील, सरांनी विचारलं, "त्या जुन्या भिंतीत आरपार दगड होते का हो?"

"म्हंजे?"

"भिंत जाड असली की आतून दगडांची एक फळी आन् बाहेरून एक फळी रचतात, मधी माती. दोन्हीला धरून ठेवायला मधून मधून एक लांब दगड लागतो, या अंगापासून त्या अंगापर्यंत."

"न्हाई. कोण घालतंय तसले."

"मग दगडाचा दोष न्हाई," सर म्हणाले.

बाबांनी अर्धा कप खाली ठेवला आणि शेताकडं निघून गेले. आईनं मला आत बोलावून सांगितलं, या माणसाला परत आणू नको. परतीच्या जीपमध्ये सर म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का गं?"

"नाही सर. बरोबर बोललात. तेच तर."

त्यांना कळलं की नाही देव जाणे.

आता कमानीचं सांगते. जुन्या नांदेडात नदीच्या बाजूला एका गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाची एक कमान होती. कुणी बांधली याबद्दल गल्लीत चार मतं होती आणि सरांचं पाचवं. सरांचा जीव होता त्या कमानीवर. प्रत्येक रविवारची सुरुवात तिथून आणि शेवटही तिथंच, कमानीलगतच्या टेलरमास्तरांच्या ओट्यावर चहा पिऊन. पुढं त्या गल्लीत आतल्या बाजूला एका गोदामाला आग लागली आणि बंब कमानीबाहेरच थांबला. माणूस कुणी गेलं नाही, पण लोक हादरले. कमान पाडा, असा अर्ज झाला. महापालिकेच्या कचेरीतले साहेब भले होते. म्हणाले, बंब जायला आतून मोकळी दहा फूट रुंदी लागते. तेवढी असेल तर कमानीत लटकलेल्या वायरी आणि पत्रे काढून कमान राहू देऊ, नसेल तर माझा नाइलाज आहे. आणि पुढं म्हणाले, "माप सरांनीच द्यावं. त्यांच्या मापावर पुन्हा टेप लावायची गरज नाही."

एवढा मान कुणाला मिळतो. सर त्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून आले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक आकडे दिसत नसत. म्हणून टेपचं टोक त्यांनी एका बाजूला दगडाला टेकवून धरलं आणि दुसऱ्या बाजूला वाचायला मला उभं केलं, बरोबर कमानीच्या पोटाखाली. त्या दिवशी बाकी कुणी आलं नव्हतं. बाहेरचं सगळं मोजून झालं होतं, आत रुंदी तेवढी राहिली होती. मी वाकले, आकडा बघितला, आणि तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला. कमान हलली की नाही मला माहीत नाही. वरून चिमूटभर माती माझ्या मानेवर पडली एवढं खरं. मी "साडेदहा" म्हणून ओरडले आणि पळत बाहेर आले.

सरांनी वही उघडली. "वजा केलंस का?"

केलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर पुन्हा आत जावं लागलं असतं, पुन्हा ते "भिंत खाती का" ऐकावं लागलं असतं.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी साडेदहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी सहीचं पत्र कचेरीत गेलं, कमान वाचली. गल्लीनं सरांना शाल आणि नारळ दिला. टेलरमास्तरांनी भाषण केलं. सर भाषणात तीनदा म्हणाले की अंदाज घरी ठेवून यायचा असतो. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. खोटं बोलले होते हे मी विसरूनही गेले होते, इतकी मी निर्ढावलेली.

पंधरा दिवसांनी लातुरात, जेवणाच्या सुट्टीत, मी त्यांच्या पुस्तकासाठी त्या कमानीचा पक्का नकाशा काढायला घेतला. बाहेरून बाहेर सतरा फूट. दोन्हीकडचे पाय पावणेचार फुटांचे. सतरातून साडेसात गेले की उरतात साडेनऊ. माझ्या कागदावर तिथं साडेदहा लिहिलेलं. मी तीनदा बेरीज केली, खोडरबरानं कागदाला भोक पाडलं, तरी तो एक फूट काही मावेना.

आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. मग रविवारी गेले आणि त्यांच्या खोलीत, त्या पोत्यांच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. ट्रक, माती, खोटं बोलणं, सगळं. आता हा माणूस मला सोलून काढणार अशी माझी तयारी होती. त्यांनी टेप घेतला, भिंग घेतलं आणि चालायला लागले.

या वेळी टोक मी धरलं आणि आकडा त्यांनी वाचला. भिंग लावून, बराच वेळ. "साडेदहा. एक वजा," ते म्हणाले, आणि टेप गुंडाळायला लागले.

ओट्यावर येऊन बसलो. सर खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला माहीत हाय?"

"आपल्या दोघांनाच."

"हं."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांच्या तोंडावर तो भाव कधी बघितला नव्हता. चोरी करावी की करू नये याचा विचार करणाऱ्या माणसाचा. मला त्यांची दया आली आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे इंच काढले ना, घ्या आता. त्याच वेळी टेलरमास्तर चहा घेऊन आले. म्हणाले, "सर, लई उपकार झाले तुमचे. कमान बी राहिली आन् बंब बी आत येईल. माझी आई आतल्या खोलीत पडून असते, मला तीच काळजी होती."

सरांनी चहाला हात लावला नाही.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधी आम्ही दोघं दारात होतो. मी ऑफिसात आजारपणाचं कळवलं होतं, खोट्यात आणखी एक खोटं. सरांनी साहेबांपुढं वही उघडली आणि म्हणाले, "माप चुकलं. साडेनऊ आहे. मीच मोजलं होतं, माझे डोळे गेलेत."

मी शेजारीच उभी होते. एरवी माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे, वाचताय ना इतका वेळ. त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली. बाजूच्या टेबलावरचा एक कारकून हसून म्हणाला, "काय सर, अंदाज घरी ठेवायचा राहिला वाटतं." सगळी कचेरी हसली. सरही हसले. चूक माझी, असं मी म्हणाले नाही. अजूनही कधी कधी भाजी चिरताना ते आठवतं आणि माझे कान तापतात.

बाहेर आल्यावर मी रडत होते. सर म्हणाले, "रडतीस कशाला? तू घाबरलीस. तुझ्या बापानं भिंती उचलल्यात. मी तुला तिथं उभंच करायला नको होतं." मग पायरी उतरता उतरता, "पर वजा करायचं होतंस गं."

कमान पाडली त्या दिवशी सर वही घेऊन हजर. मला वाटलं, म्हातारा छाती बडवून घेईल. कशाचं काय. खडूनं प्रत्येक दगडावर नंबर घालत होते, जेसीबीवाल्याला "हळू, जावईबापू, हळू" म्हणत होते, आणि मधूनच त्याला थांबवून माप घेत होते. गल्लीतले लोक म्हणाले, यांना वेड लागलंय. दुपारी एका बाजूचा पाय फुटला आणि आतून एक लांब दगड निघाला, या अंगापासून त्या अंगापर्यंत सलग. सर लहान पोरासारखे ओरडले, "किल्लारी, आरपार. बघ, आरपार." स्वतःची लाडकी कमान पडत असताना इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

तो दगड त्यांनी साहेबांकडून मागून घेतला. म्हणाले, "बापाकडं पाठव. मी त्याला तोंडानं सांगितलं होतं, ते चुकलं. आधी दाखवायला पाहिजे होतं." चार माणसांनी तो टेम्पोत चढवला. त्याचं माप तेवढं घ्यायचं राहिलं. "तू घे," ते म्हणाले. "आन् कळव."

दगड गावाला पोचला तेव्हा आई घरातून बाहेरच आली नाही. बाबा त्याच्याभोवती एकदा फिरले. कमान का पडली, विचारलं. मी सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. बाबांनी एवढंच विचारलं, "त्यानं सोत्ता जाऊन सांगितलं?" मी हो म्हणाले. संध्याकाळी त्यांनी भावकीतल्या पोरांना बोलावून तो दगड फाटकापासून उचलला आणि लिंबाखाली, जिथं ते रोज बसतात, तिथं आडवा टाकला.

त्यानंतर सरांनी रविवारची फेरी बंद केली. गुडघ्यांचं कारण सांगितलं. दर रविवारी फोन मात्र यायचा. "पुस्तक लिहून राहिलो. माप घेतलंस का त्या दगडाचं?" "घेते सर." असं मी किती रविवार म्हणाले, मोजलेलं नाही. गावाला जाणं व्हायचं, दगडावर बसून चहाही व्हायचा. टेप तेवढा बॅगेत नसायचा. एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी त्यांच्या मुलानं केला.

पोती मुलगा घेऊन गेला. मला त्यांची पिशवी मिळाली. टेप, भिंग, वही. वहीच्या शेवटच्या पानावर कमानीच्या दगडांची यादी होती, नंबर आणि त्यापुढं लांबी, थरथरत्या अक्षरात. सगळ्यांपुढं आकडे होते. एका ओळीत लिहिलं होतं, "आरपार दगड," आणि पुढं, "किल्लारी देणार." जागा कोरी होती.

मी त्याच दिवशी गावाची जीप पकडली. बाबा लिंबाखालीच होते. काही न विचारता उठले, टेपचं खाल्लेलं टोक घेतलं आणि दगडाच्या कडेला नीट टेकवून धरलं. मी दुसऱ्या कडेला वाकून आकडा वाचला.

"चार फूट नऊ इंच."

बाबांनी टोक सोडलं नाही. "वजा केलंस का?"

"न्हाई," मी म्हणाले. "आता करते."